‘जिगोलो’ : सोबतीच्या मोलाची आणि बदनामीची गोष्ट

काही शब्द आपल्याला वर्तमानपत्रात गुन्हेवृत्ताच्या पानावरच भेटतात. ‘जिगोलो’ त्यातलाच एक. ‘जिगोलो बनवण्याचे आमिष दाखवून तरुणाला गंडा’ अशा मथळ्याखाली चार-सहा ओळींची बातमी येते. वाचणारा गालातल्या गालात हसतो आणि पान उलटतो. फसलेल्या तरुणाबद्दल कुणाला हळहळ वाटत नाही. ‘असल्या कामाला गेलाच कशाला?’ एवढ्यावर विषय संपतो. नोकरीच्या, जमिनीच्या किंवा हज-उमऱ्याच्या नावाखाली कुणी फसला तर आपण चुकचुकतो, इथे मात्र हसतो. हा फरक शब्दामुळे पडतो. म्हणून मला या शब्दाची कूळकथा शोधावीशी वाटली.

आधी आपल्या भाषेकडे पाहू. पैसे घेऊन सोबत करणाऱ्या बाईसाठी मराठीत शब्दांची कमतरता नाही. नायकीण, कलावंतीण, कसबीण, गणिका, वारांगना अशी भलीमोठी यादी होते. पुरुषासाठी मात्र एकही धड शब्द सापडत नाही. ‘पुरुष वेश्या’ म्हणावे, तर तो बाईचाच शब्द पुरुषाच्या अंगावर चढवलेला. बायकोच्या जिवावर जगणाऱ्याला आपण टोमणे मारतो, घरजावयाची टिंगल करतो, पण तो वेगळा प्रकार झाला. म्हणून आपण इंग्रजीच्या हातून एक फ्रेंच शब्द उचलला आणि कामाला लावला. तो आला कुठून, हे मात्र फारसे कुणी विचारले नाही.

नाचणाऱ्या पायांचा शब्द

फ्रेंचमध्ये ‘जिगोलो’ हा शब्द एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून आढळतो. त्याची जोडीदारीण आहे ‘जिगोलेत’. पॅरिसच्या कष्टकरी वस्तीतली, सार्वजनिक नाचघरांत रमणारी, ‘चालू’ समजली जाणारी मुलगी म्हणजे जिगोलेत. तिच्याबरोबर हिंडणारा, तिच्या अवतीभवती असणारा तरुण तो जिगोलो. आज आपण करतो तो अर्थ त्या वेळी त्यात नव्हता.

त्याच्याही मागे गेले, तर शब्द पायापाशी पोहोचतो. फ्रेंचमध्ये ‘जिग’ म्हणजे तंगडी आणि ‘जिगोते’ म्हणजे पाय झाडणे, उड्या मारणे. फ्रेंच खाटकाकडे आजही मेंढ्याच्या मांडीला ‘जिगो’ म्हणतात. भाषेचे अभ्यासक हे कूळ एका जुन्या जर्मनिक शब्दापर्यंत नेतात. त्याचा अर्थ होता सारंगीसारखे एक तंतुवाद्य. जर्मन भाषेत व्हायोलिनला आजही ‘गायगे’ म्हणतात. मांडीचा आकार त्या वाद्यासारखा, म्हणून वाद्याचे नाव मांडीला मिळाले असे मानले जाते. थोडक्यात वाद्य, मांडी, नाच, नाचणारी मुलगी आणि शेवटी तिचा सोबती असा हा प्रवास आहे.

यात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. बहुतेक भाषांत आधी पुरुषाचा शब्द असतो आणि त्याला प्रत्यय लावून बाईचा शब्द बनतो. इथे उलटे घडले, असे अनेक कोशकार म्हणतात. बाईच्या शब्दावरून पुरुषाचा शब्द तयार झाला. म्हणजे बाईच्या वाट्याला आधीच आलेली बदनामी पुरुषाला वारसाहक्काने मिळाली. या मुद्द्याकडे मी पुन्हा येणार आहे.

युद्धातून उरलेले पुरुष

हा शब्द पॅरिसच्या गल्ल्यांतून जगभर गेला तो पहिल्या महायुद्धानंतर. १९१४ ते १९१८ या चार वर्षांत एकट्या फ्रान्सचे सुमारे १४ लाख सैनिक मारले गेले. सुमारे ६ लाख बायका विधवा झाल्या. जर्मनीचे मृत सैनिक तर सुमारे २० लाख होते. तरुणांची एक पिढीच कापली गेली.

जे वाचले त्यांचे काय झाले? १९१९च्या व्हर्सायच्या तहाने जर्मन सैन्यावर मर्यादा घातली. फक्त १ लाख सैनिक आणि त्यात फक्त ४,००० अधिकारी. ऑस्ट्रियाला ३०,००० सैनिकांची मुभा मिळाली. घोड्यावर बसायचे, गणवेश चढवायचा, समारंभात नाचायचे आणि युद्धात मरायचे, एवढेच शिकलेले हजारो अधिकारी एका रात्रीत बेकार झाले. जर्मनीत चलनाचे तर पाणी झाले. नोव्हेंबर १९२३मध्ये एका अमेरिकी डॉलरसाठी ४.२ लाख कोटी मार्क मोजावे लागत होते. बापजाद्यांची पुंजी असलेल्यांचीही ती कागदावरच राहिली.

दुसरीकडे युरोपभर नाचाचे वेड पसरले होते. अर्जेंटिनातला टँगो युद्धापूर्वीच पॅरिसला पोहोचला होता आणि युद्धानंतर अमेरिकेचा जॅझ आला. मोठी हॉटेले दुपारच्या चहाच्या वेळी नाचाचा कार्यक्रम ठेवू लागली. नाचायला येणाऱ्या बायकांना जोडीदार मिळेना, कारण जोडीदार युद्धात गाडले गेले होते किंवा नवऱ्यांना धंद्यातून सवड नव्हती. हॉटेलवाल्यांनी तोडगा काढला. चांगले कपडे, चांगल्या रीतीभाती आणि पायांत ताल असलेले तरुण पगारावर ठेवले. एकट्या बसलेल्या बाईसमोर झुकायचे, परवानगी मागायची, नाचायचे, दोन गोड शब्द बोलायचे आणि तिला परत टेबलापाशी सोडायचे. हॉटेलकडून थोडे वेतन आणि बाईकडून बक्षिशी. या कामाला जर्मनीत ‘आइनटेन्झर’ असे बऱ्यापैकी सभ्य नाव होते. लोकांच्या तोंडी मात्र ‘जिगोलो’च बसले.

इंग्रजीत या शब्दाची सर्वांत जुनी नोंद १९२२ची मानली जाते. त्याच वर्षी अमेरिकी लेखिका एडना फर्बर यांचा ‘जिगोलो’ नावाचा कथासंग्रह आला. त्यातल्या शीर्षककथेचा नायक युद्धातून उरलेला एक अमेरिकी तरुण आहे. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या नीस शहरात तो पैसे घेऊन बायकांबरोबर नाचतो. पुढे व्हिएन्नात या विषयावर एक गाणे तयार झाले. चाल लिओनेल्लो कासुची यांची, शब्द युलियुस ब्रामर यांचे. मूळ जर्मन गाण्यातला जिगोलो हा ऑस्ट्रियाच्या पडलेल्या साम्राज्याचा घोडदळातला अधिकारी आहे. कालपर्यंत ज्याला सलाम मिळत होते, तो आज पैशांसाठी नाचतो आहे. १९२९मध्ये अर्व्हिंग सीझर यांनी ते इंग्रजीत आणले, तेव्हा गोष्ट पॅरिसला हलवली. मग ते गाणे जगभर वाजले. ऐकणाऱ्यांना फक्त चाल आठवते, साम्राज्य आणि पराभव विसरला गेला.

मला हा भाग फार महत्त्वाचा वाटतो. ‘जिगोलो’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर ऐषआराम, मोटारी आणि मौजमजा येते. शब्द जगात फिरू लागला तो मात्र बेकारीच्या आणि पराभवाच्या दिवसांत.

बर्लिनच्या हॉटेलातला एक पत्रकार

या कामाचे आतून वर्णन करणारा एक साक्षीदार आपल्याला लाभला आहे. त्याचे नाव बिली वाइल्डर. पुढे हॉलिवूडमध्ये ‘सम लाइक इट हॉट’ आणि ‘द अपार्टमेंट’सारखे चित्रपट करणारा तोच हा दिग्दर्शक. १९०६मध्ये ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यातल्या, आज पोलंडमध्ये असलेल्या एका गावात ज्यू कुटुंबात त्याचा जन्म झाला. व्हिएन्नात पत्रकारी करून १९२६मध्ये तो बर्लिनला आला. तिथे धड काम मिळेना. मग ‘हॉटेल ईडन’मध्ये काही काळ त्याने आइनटेन्झर म्हणून नोकरी केली. जानेवारी १९२७मध्ये बर्लिनच्या एका दैनिकात त्याने या अनुभवावर लेखमाला लिहिली. आपण नाचायला काही फार चांगले नव्हतो, पण आपले संवाद सगळ्यांत चांगले होते, असे तो पुढे गमतीने सांगत असे.

त्या गमतीत या धंद्याचे मर्म आहे. विकले जात होते ते प्रामुख्याने लक्ष. समोरची बाई चार मिनिटांपुरती का होईना, कुणाला तरी महत्त्वाची वाटते आहे हा भास. काही जण त्याच्या पलीकडेही जात असत, हे उघड आहे. शब्दाचा अर्थ हळूहळू त्याच दिशेला सरकला. आधी नाचाचा भाडोत्री जोडीदार, मग श्रीमंत बाईने पोसलेला तरुण आणि शेवटी थेट देहविक्रय करणारा पुरुष. १९८०मध्ये पॉल श्रेडर यांचा ‘अमेरिकन जिगोलो’ आला, रिचर्ड गेअर त्यात नायक होता, आणि हा तिसरा अर्थ जगभर पक्का झाला.

१९३३मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि वाइल्डरला जर्मनी सोडावी लागली. त्याची आई नाझींच्या नरसंहारात मारली गेली. पुढे १९५०मध्ये त्याने ‘सनसेट बुलेव्हार्ड’ केला. त्यातला नायक बेकार पटकथालेखक आहे. डोक्यावर कर्ज, मोटार जप्त व्हायच्या बेतात. मूकपटांच्या जमान्यातली एक विस्मरणात गेलेली श्रीमंत नटी त्याला घरात ठेवून घेते. तिला प्रेक्षक हवा आहे, त्याला छप्पर हवे आहे. चित्रपटात कुणीही निव्वळ खलनायक नाही आणि कुणाची टिंगलही नाही. हे काम स्वतः केलेल्या माणसानेच ते असे दाखवावे, यात मला नवल वाटत नाही.

दरबारातला ‘नदीम’

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, हे सगळे पाश्चात्त्यांचे चोचले. आपल्याकडे पुरुषाने पैसे घेऊन सोबत करणे ही कल्पनाच नव्हती. हे खरे नाही. सोबत विकणारा पुरुष आपल्या इतिहासात भरपूर आहे आणि मोठ्या मानाने बसलेला आहे. अरबी-फारसी परंपरेत त्याला ‘नदीम’ किंवा ‘मुसाहिब’ म्हणत.

अब्बासी खलिफांच्या बगदादमध्ये नदीम हे दरबारातले रीतसर पद होते. खलिफाबरोबर बसायचे, जेवायचे, शेर सांगायचे, किस्से सांगायचे, बुद्धिबळ खेळायचे, त्याचे गुपित पोटात ठेवायचे. दहाव्या शतकातले अबू बक्र अस-सूली हे अनेक खलिफांचे नदीम होते आणि आपल्या काळातले बुद्धिबळाचे सर्वांत नावाजलेले खेळाडू. कुशाजिम नावाच्या कवीने तर नदीमाच्या रीतीभातींवर स्वतंत्र पुस्तक लिहिले. ९८७च्या सुमारास अरबी ग्रंथांची प्रचंड सूची ‘अल-फिहरिस्त’ तयार करणाऱ्या विद्वानाला जग ‘इब्न अन-नदीम’ म्हणून ओळखते. अकराव्या शतकाच्या अखेरीस सेल्जुक वजीर निजामुल्मुल्क याने ‘सियासतनामा’ लिहिला, त्यात नदीमांवर एक अख्खे प्रकरण आहे. नदीम हजरजबाबी असावा, किस्से सांगणारा असावा, बुद्धिबळ आणि सोंगट्या जाणणारा असावा. त्याने बादशहाच्या हो ला हो करावे, उपदेश करू नये. आणि ज्याला राज्याचा अधिकार दिला आहे त्याला नदीम करू नये, कारण सलगीतून तो शेफारतो.

हा सल्ला बर्लिनच्या हॉटेल व्यवस्थापकाने आपल्या नर्तकांना द्यावा तसाच आहे. नीटनेटके राहा, गोड बोला, रुसू नका, आपली पायरी ओळखा.

हिंदुस्थानातही हेच होते. अमीर खुसरो आणि त्यांचे मित्र अमीर हसन सिज्जी हे दोघे मुलतानला बल्बनचा मुलगा शहजादा मुहम्मद याच्या पदरी होते. शेर सांगणे, मैफल रंगवणे, शहजाद्याला सोबत करणे हे त्यांचे काम होते आणि त्याचा मोबदला त्यांना मिळे. यातल्या अमीर हसन यांनी पुढे हजरत निजामुद्दीन औलियांची वचने ‘फवाइदुल फुआद’मध्ये टिपली. त्यांची कबर आपल्याच मराठवाड्यात, खुलताबादला आहे. गालिबला १८५०मध्ये बहादूरशहा जफरकडून किताब मिळाले आणि तैमुरी घराण्याचा इतिहास लिहिण्यासाठी महिना ५० रुपये ठरले. दरबाराशी नाते जडल्यावर शहरात आपली पत वाढली, हे त्याला चांगले ठाऊक होते. या सगळ्यांना कुणी भाडोत्री म्हटले नाही. त्यांच्या सोबतीला मोल होते, पण बट्टा नव्हता.

शब्दांचे कूळ पाहिले तर आणखी मजा वाटते. मुसाहिब, सोहबत, सहाबी आणि साहिब हे सगळे एकाच अरबी धातूचे. अर्थ एकच, सोबत असणे. पैगंबरांची सोबत लाभली ते सहाबी. बादशहाची सोबत करणारा मुसाहिब. आपण मराठीत कचेरीतल्या वरिष्ठाला ‘साहेब’ म्हणतो, तोही मुळात सोबतीच. आणि आपला रोजचा ‘सोबत’ हा शब्द त्याच ‘सोहबत’वरून मराठीत रुळला. ‘नदीम’ची गंमत वेगळी. त्याच्याच अक्षरांतून अरबीत पश्चात्तापाचा शब्द होतो, उर्दूतली ‘नदामत’ ती हीच.

नदीम आणि जिगोलो एकच, असे मला म्हणायचे नाही. नदीमाच्या कामात विद्या होती, काव्य होते, अनेकदा राज्यकारभाराची समजही होती. जिगोलोच्या शब्दाला देहाचा व्यवहार येऊन चिकटला. पण दोघांच्या कामाचा गाभा एक आहे. एका धनवंताचा एकटेपणा किंवा कंटाळा दूर करायचा, त्याबदली पोट भरायचे. मग एकाला मनसब आणि दुसऱ्याला शिवी का मिळाली? माझ्या मते मोठा फरक पैसे मोजणाऱ्यात आहे. नदीमाला पैसे देणारा बादशहा होता, जिगोलोला पैसे देणारी बाई.

एक प्रत्यय लागला की

बाई व्यवहारात आली की शब्दाचे काय होते, ते आपल्याच मराठीत पाहा. ‘नायक’ म्हणजे पुढारी, कथेतला मुख्य पुरुष. ‘नायकीण’ म्हणजे काय ते सांगायला नको. ‘कलावंत’ म्हटले की टाळ्या, ‘कलावंतीण’ म्हटले की कुजबुज. ‘कसब’ हा अरबी शब्द, अर्थ कमाई, आणि मराठीत कौशल्य. ‘कसबी कारागीर’ ही दाद झाली. त्यालाच स्त्रीलिंगी प्रत्यय लावून ‘कसबीण’ म्हटले की शिवी होते. हात तेच, कमाई तीच, फक्त प्रत्यय बदलला.

हा केवळ आपल्या भाषेचा दोष नाही. इटालियनमध्ये ‘कोर्तिजानो’ म्हणजे दरबारी पुरुष आणि ‘कोर्तिजाना’ म्हणजे गणिका. फ्रेंचमध्ये ‘मेत्र’ म्हणजे मालक, गुरू. त्याचे स्त्रीलिंग ‘मेत्रेस’ ठेवलेल्या बाईसाठीही वापरतात. उर्दूतला ‘तवायफ’ हा शब्द तर ‘ताइफा’चे अनेकवचन, म्हणजे नुसते गट, ताफे. गाणाऱ्या-नाचणाऱ्यांच्या ताफ्याचे नाव एकेका बाईला चिकटले आणि तिथून घसरत गेले.

आणि पैसे मोजणाऱ्या पुरुषाला काय म्हणतात? रंगेल, शौकीन, फार तर बाईलवेडा. यातला एकही शब्द त्याला गावातून उठवत नाही, काही तर जवळजवळ कौतुकाचे आहेत. उलट बाईने पैसे मोजले तर तीही बदनाम आणि तिच्याकडून घेणाराही. म्हणजे बाई विकणारी असो वा विकत घेणारी, डाग तिच्या बाजूलाच पडतो आणि तिच्याजवळ उभ्या असलेल्या पुरुषावरही त्याचे शिंतोडे उडतात. जिगोलो हा शब्द बाईच्या शब्दावरून बनला असे मी वर म्हटले, त्याचा अर्थ हा.

महाराष्ट्राने याचे एक रोकडे उदाहरण पाहिले आहे. २००५मध्ये राज्याने डान्स बारमधल्या नाचावर बंदी घातली, पण तारांकित मोठी हॉटेले त्यातून वगळली. हजारो बारबाला बेकार झाल्या. नोटा उधळणाऱ्यांचे काही बिघडले नाही. उच्च न्यायालयाने २००६मध्ये ती बंदी रद्द केली आणि २०१३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. त्या सगळ्या वर्षांत चर्चा होत राहिली ती नाचणाऱ्या बायकांच्या चारित्र्याची.

मला देहविक्रयाची तरफदारी करायची नाही. मुसलमान म्हणून माझी भूमिका स्पष्ट आहे. पण धर्म सांगतो ते तरी आपण पूर्ण ऐकावे. कुरआनातली सूरह नूर व्यभिचाराच्या बाबतीत स्त्री आणि पुरुष दोघांना एकाच मापाने मोजते. नजर खाली ठेवण्याचा आदेश त्या सूरहमध्ये आधी पुरुषांना येतो, मग स्त्रियांना. आणि कमाईसाठी दासींना या धंद्यात ढकलणाऱ्यांना तीच सूरह रोखते, तर ज्यांच्यावर बळजबरी झाली त्यांच्यासाठी क्षमेचे दार उघडे ठेवते. म्हणजे बोट दाखवायचे ते आधी नफा खाणाऱ्याकडे. आपल्या मोहल्ल्यांतली कुजबुज मात्र याच्या उलट दिशेने चालते.

आजचा बाजार

आता पुन्हा त्या चार ओळींच्या बातमीकडे येऊ. आपल्या सिनेमाला हा विषय नवा नाही. ‘देसी बॉईज’मध्ये मंदीत नोकरी गेलेले दोघे या कामाकडे वळतात आणि सगळे हसतखेळत पार पडते. ‘बी. ए. पास’मधला दिल्लीचा पोरका मुलगा मात्र त्यात पार चिरडला जातो. दोन्हीकडे सुरुवात एकच आहे, हाताला काम नसणे.

प्रत्यक्षात तर अनेकदा ते कामही नसते. मुंबईसारख्या शहरात लोकलच्या डब्यात, स्टेशनच्या भिंतींवर आणि आता फेसबुक-टेलिग्रामवर ‘प्लेबॉय जॉब’च्या जाहिराती दिसतात. दिवसाला हजारो रुपये, श्रीमंत घरच्या महिला, पूर्ण गुप्तता. फोन केला की आधी नोंदणी फी. मग ओळखपत्राचे पैसे, मग वैद्यकीय तपासणीचे, मग हॉटेलच्या खोलीचे, मग परत मिळणारी अनामत. प्रत्येक वेळी रक्कम थोडी वाढते आणि आधीचे बुडू नयेत म्हणून मुलगा पुढचे भरतो. ती श्रीमंत महिला कधीच भेटत नाही, कारण ती नसतेच. काही ठिकाणी पुढची पायरी धमकीची असते. तुझे फोटो आणि चॅट घरच्यांना पाठवू, मोहल्ल्यात सांगू.

ही टोळी कशाच्या भरवशावर चालते, याचा विचार केला तर उत्तर या एका शब्दाशी येऊन थांबते. मुलगा तक्रार करणार नाही, याची तिला खात्री असते. पोलीस ठाण्यात जाऊन तो कोणत्या तोंडाने सांगणार की मला जिगोलो व्हायचे होते? बापाला काय सांगणार? ठाण्यातला हवालदार हसेल, बातमी आली तर गाव हसेल. म्हणजे आपण पान उलटताना जे हसतो, तेच त्या टोळीचे भांडवल आहे.

आपला कायदा या बाबतीत समाजाच्या थोडा पुढे गेला आहे. १९५६चा मूळ कायदा फक्त स्त्रिया आणि मुलींच्या अनैतिक व्यापाराबद्दल होता. १९८६च्या दुरुस्तीत त्याच्या नावातून ‘स्त्रिया आणि मुली’ हे शब्द गेले आणि व्याख्येत ‘व्यक्ती’ आली. पुरुषाचेही शोषण होऊ शकते, हे कायद्याने जवळजवळ चार दशकांपूर्वी मान्य केले. फसवणुकीचा कायदा तर फसलेल्याला कोणत्या कामासाठी गेला होतास म्हणून हसत नाही. ऑनलाइन पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर लगेच फोन करता येतो. जितका उशीर, तितके पैसे हातचे जाण्याची शक्यता जास्त. आणि घरच्यांना सांगू अशी धमकी आली, तर आधी आपणच घरातल्या एका विश्वासाच्या माणसाला सांगून टाकावे. मग धमकीत दम राहत नाही.

आपल्या वस्त्यांत बारावी-पदवी झालेली, दिवसभर मोबाईल चाळत बसलेली, हाताला काम नसलेली मुले किती आहेत, हे आपण पाहतोच. त्यांच्यापैकी कुणी अशा जाळ्यात सापडले, तर त्याला उपदेश ऐकवण्यापूर्वी एवढे आठवावे की हा शब्द जगभर गेला तो अशाच बेकार तरुणांच्या पाठीवर बसून. तेव्हा त्यांच्या अंगावर हरलेल्या सैन्याचा उतरवलेला गणवेश होता, आज हातात उपयोगी न पडलेली पदवी आहे. अशा मुलाने उद्या दार ठोठावले, तर आपण हसतो की त्याच्याबरोबर पोलीस ठाण्यापर्यंत चालत जातो, ते आपल्यावर आहे. सोबत या शब्दाचा जुना अर्थ तेवढाच आहे.